येळवशीच्या दिवशी पडलेला गोळा

आमच्या घरात दिवसभर हॉर्न वाजत. हुमनाबादच्या बसस्टँडपासून थोडं पुढं, पुणे–हैदराबाद रस्त्याला लागून अप्पांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: अप्पा, माय आणि मी. अप्पा लॉऱ्यांचे हॉर्न, दिवे आणि डायनामो दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला हॉर्न ते बॅटरीला दोन तारा लावून वाजवून बघत आणि एकदा वाजवून त्यांचं कधी भागत नसे. मान तिरकी करून ऐकायचे, मागचा स्क्रू किंचित फिरवायचे, पुन्हा वाजवायचे. "अजून घसा बसलाय ह्येचा," म्हणून पुन्हा स्क्रू. नवा पाहुणा आला की दचकून हातातलं पाणी सांडायचा. आम्ही मात्र बोलता बोलता मधेच थांबायचो, हॉर्न संपू द्यायचो आणि राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं न्यायचो. माझ्या पहिल्या कादंबरीवर लिहिताना एका समीक्षकांनी म्हटलं होतं की या लेखिकेची वाक्यं अचानक थांबतात आणि मग काही घडलंच नाही अशी पुढं चालू लागतात. त्यांनी ते शैलीचं वैशिष्ट्य मानलं. खरं कारण मी त्यांना कळवलं नाही.

अप्पांच्या आधीच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं चाललेल्या. आजोबांचा कळप दिवाळीनंतर भीमेच्या अंगानं करजगीपर्यंत उतरायचा आणि मृगाच्या आधी परत हळ्ळीखेडच्या माळावर यायचा. अप्पा लहानपणी ती वाट चालले होते. पुढं माळ नांगराखाली गेले, चराई आटली, मेंढरं विकावी लागली. थोरल्या भावानं, बीरप्पांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, हळ्ळीखेडची जमीन धरली आणि अप्पा हैदराबादला एका उस्तादांच्या हाताखाली विजेचं काम शिकायला गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माळावरनं सडकेवर आलाव, दुसरं काय न्हाई." पण जेवायला बसले की मूळ दिसायचं. कडक ज्वारीची भाकरी, पुंडीची आंबट भाजी, शेंगाची चटणी आणि कांदा फोडून; याच्या पलीकडं काही वाढलं की ते संशयानं बघत. पुंडीला पुण्यात अंबाडी म्हणतात. मी पुण्यात इतकी वर्षं काढली, पण तिथल्या अंबाडीला आमच्या पुंडीची चव आली नाही, हे मी कुणाच्याही घरी जेवताना बोलून दाखवते आणि त्यामुळं मला फारशी बोलावणी येत नाहीत.

त्या वर्षांत सडक बदलायला लागली होती. आधी ऊस, तूर आणि सिमेंट नेणाऱ्या गाड्या जायच्या. आता बंद डब्यांच्या लांबलचक गाड्या यायला लागल्या, त्यांच्या आत काय आहे ते ड्रायव्हरलासुद्धा माहीत नसायचं. चौकात पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ आलं. ढाब्याच्या पत्र्यावर भाकरीच्या तव्यासारखी मोठी थाळी आभाळाकडं तोंड करून बसली आणि खाली टीव्हीवर कुठल्याशा परदेशी शर्यती दिसायला लागल्या. गल्लीतली पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला निघाली. ड्रायव्हर लोक आमच्या दुकानासमोर तासन्‌तास थांबायचे आणि जाताना सीटखालचे जुने पेपर, मासिकं, दिवाळी अंक टाकून जायचे. अप्पा ते तारा गुंडाळायला ठेवायचे आणि मी ते तारांच्या आधी वाचायची. जग कसं चाललंय हे मला लॉरीच्या सीटखालून कळलं, तेही पंधरा दिवस शिळं आणि डिझेलचा वास लागलेलं.

मी मराठी शाळेतून दहावी केली आणि कॉलेजात सायन्स घेतलं. तिथं भौतिकशास्त्राचे सर पुस्तकातून इंग्रजीत वाचत, कन्नडमध्ये समजावून सांगत आणि मी वहीत मराठीत उतरवून घेई. घरी आले की मायला सांगायची. मायला अक्षरओळख नव्हती, पण ती पीठ मळताना जे प्रश्न विचारायची ते वर्गात कुणी विचारत नव्हतं. एकदा मी तिला सांगितलं की काही तारे इतके लांब आहेत की तिथून निघालेला उजेड आपल्याकडं यायला शेकडो वर्षं लागतात. तिनं थोडा वेळ पीठ मळलं.

"मग तिथलं कोन माणूस हिकडं यायला निघालं तर?"

"तर ते वाटेतच म्हातारं होऊन मरंल, माय."

"म्हंजे निघाल्याचं आज्ज्याला ठावं, पोचल्याचं नातवाला. अन् मधल्यानं नुसतं चालायचं."

"व्हय."

"मग ते धनगरच की गं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

माझी अकरा पुस्तकं आहेत. त्यांतली निदान सात त्या एका वाक्यातून निघाली, आणि हे मी नम्रतेनं म्हणत नाही, हिशेबानंही नाही. ते वाक्य मला मिळालं याचा मला अभिमान आहे.

त्याच आठवड्यात मी पहिली गोष्ट लिहिली. गोष्टी कशा लिहितात याची मला कल्पना नव्हती. दिवाळी अंकांतल्या कथांमधली माणसं गच्चीवर उभी राहून उसासे टाकायची. आमच्याकडं गच्ची नव्हती. मला जी भाषा भरवशाची वाटायची ती पेपरातल्या बातमीची. म्हणून मी गोष्ट बातमीसारखी लिहिली. वर मथळा, 'हळ्ळीखेडच्या शिवारात आकाशातून गोळा पडला', खाली 'आमच्या वार्ताहराकडून'. घागरीसारखा तांबडा, कडब्याच्या गंजीएवढा मोठा गोळा बीरप्पा यांच्या शेतात, चिंचेच्या पलीकडच्या खोलगट जागेत पडला आहे. हात लावला तर कोमट लागतो. कान लावला तर आत घरघर ऐकू येते. तीन दिवस झाले, उघडत नाही. शेत अण्णांचं घेतलं, कारण तेच मला पाठ होतं. चिंच होती, बांध होता, आणि खोलगट जागाही खरी होती. अण्णांनी घराच्या जोत्यासाठी तिथून मुरूम काढला होता. आतलं काय निघतं ते मलाही ठरवता येत नव्हतं, म्हणून गोष्ट गोळा बंद असतानाच संपवली. वर 'विज्ञानकथा' आणि शेवटी माझं नाव, सुमित्रा, असं लिहून उदगीरहून निघणाऱ्या एका आठपानी साप्ताहिकाला पोस्टानं पाठवली आणि महिनाभर वाट पाहून विसरून गेले.

त्यांनी ती छापली. पहिल्या पानावर छापली. वरचा 'विज्ञानकथा' हा शब्द जुळणी करताना गळला आणि शेवटी माझं नाव होतं त्या जागी जनावरांच्या औषधाची जाहिरात बसली. निम्मी चूक त्यांची असेल, निम्मी माझी. पण हे सगळं मला नंतर कळलं. आमच्या घरी अंक आलाच नव्हता.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. मार्गशीर्ष सरताना येते. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, उभ्या पिकावर आंबील शिंपडायची आणि मग जेवण. भज्जी म्हणजे त्या दिवसात शेतात मिळेल ती प्रत्येक हिरवी शेंग, पाला आणि दाणा बेसनात शिजवून केलेली दाट भाजी. सोबत बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, खिचडा, खीर आणि नव्या मडक्यातली गार आंबील. बांधावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हाक मारून बसवायचं असतं. ओळखीचा असो, नसो. त्या दिवशी आपल्या शेतातून उपाशी माणूस पुढं गेला तर वर्षभर ते सलतं.

आम्ही सकाळच्या बसनं हळ्ळीखेडला पोचलो तेव्हा अण्णांच्या शेताच्या वाटेवर दहा-बारा सायकली पडलेल्या दिसल्या. अप्पांना वाटलं पाहुणे आले असतील. पुढं गेलो तर एक टेंपो उभा, भालकीकडून आलेली एक जीप उभी, आणि हरभऱ्यात माणसं. हरभरा फुलाला येऊन घाटे धरायला लागला होता. माणसं रांगेनं नव्हे, जिथून जमेल तिथून, लुगडी आणि धोतरं वर खोचून त्यातून चिंचेकडं निघाली होती. बाया कडेवर लेकरं घेऊन होत्या. कुणी नारळ आणला होता.

अण्णा कोपीपुढं उभे होते. अण्णा मोठ्यानं बोलणारे माणूस नव्हते. जो येईल त्याला ते हात जोडून विचारत होते, "कुणाकडं आलाव ओ तुम्ही?" आणि प्रत्येक जण उलट विचारत होता, "गोळा कुठं पडलाय?"

मी बांधावरच थांबले. एका माणसाच्या हातात अंक होता. मी मथळा लांबूनच ओळखला. आपलं पहिलं छापील अक्षर माणूस आनंदानं बघतो असं म्हणतात. मी माझं पहिलं छापील अक्षर बघितलं तेव्हा ते चुलत्याच्या पिकातून चालत येत होतं.

"अप्पा," मी म्हणाले, "ते मी लिवलंय."

दुरुस्तीला आलेल्या हॉर्नकडं बघावं तसं अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "काय लिवलंयस?"

मी सांगितलं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. माय मात्र म्हणाली, "मग सांग जा की त्येंला. उभी कामून राहिलीस?"

सांगायला गेले, पण उशीर झाला होता. कारण माणसांना चिंचेच्या पलीकडं मुरमाचा खड्डा सापडला होता. बातमीत लिहिल्याप्रमाणं जागा होती, खड्डा होता, आणि गोळा नव्हता. आता गोळा नसणं हाच गोळा पडल्याचा पुरावा झाला. "सरकारनं नेला," असं एक जण म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. कुणी खड्ड्यातला मुरूम पदरात बांधून घ्यायला लागलं. कुणी म्हणालं, कोमट लागतोय. तोवर हुमनाबादहून मोटरसायकलवर एक पोलीस येऊन पोचला. त्यानं गर्दी बघितली, अंक हातात घेतला आणि अण्णांना म्हणाला, "यारु बरेदिद्दु?" कोणी लिहिलं, एवढंच. अण्णांना वाचता येत नव्हतं आणि आपल्या शेतात काय पडलंय हे त्यांना आता इतर लोक समजावून सांगत होते. ते गप्प उभे राहिले. पोलिसाला वाटलं, हा माणूस लपवतोय. तो म्हणाला, अफवा उठवलीस, चल गाडीवर बस. येळवशीच्या दिवशी, पूजा अर्धी टाकून, शेताचा मालक.

मी कोपीजवळ सोडलेल्या अण्णांच्या बैलगाडीवर चढले. आजही मला सभेत बोलायला उभं केलं की आधी समोरच्या मेजाची कड चाचपते, कारण त्या दिवशी गाडीचं जू खाली टेकलेलं होतं आणि मी जवळजवळ घसरले होते.

"ते मी लिवलंय," मी ओरडले. "बातमी न्हाई ती. गोष्ट हाय. मनानं केल्याली. गोळा-बिळा काय पडला न्हाई. अण्णांचा काय दोष न्हाई, त्येंला ठाऊकच न्हाई."

गर्दी माझ्याकडं वळली. सतरा वर्षांची पोरगी, दोन वेण्या, मायची जुनी शाल. एक बाई हसली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी खोटं बोलायली. सरकारनं शिकवलंय तिला." आणि माना हलल्या. पोलिसालाही ते खरं वाटलं असावं, कारण त्यानं माझ्याकडं जरा आदरानं बघितलं.

खोटं बोलून माणसांना पटवणं मला सहज जमलं होतं, खरं बोलून पटवता येईना. मग मी अंकवाल्या माणसाला म्हणाले, "काका, तुम्ही पेपर उघडून धरा. मी म्हणते. एक शब्द चुकला तर मला सांगा."

मी गोष्ट पहिल्या ओळीपासून म्हणायला लागले. ती मी इतक्या वेळा खोडून लिहिली होती की स्वल्पविरामासकट पाठ होती. तो माणूस बोट ओळीवरून फिरवत होता, मान वर करून शेजाऱ्याला म्हणाला, "बराबर हाय." पुन्हा बोट. "बराबर." तिसऱ्या परिच्छेदापर्यंत गर्दी जवळ सरकली होती. हरभऱ्यातले लोक ऐकू यावं म्हणून बांधावर आले. खड्ड्यातले वर आले. गोळा तीन दिवस झाले उघडत नाही, इथवर मी आले, आणि त्या माणसाचं बोट जाहिरातीवर टेकलं. तो म्हणाला, "हितं संपलं."

आता सगळ्यांना पटलं होतं. मी खाली उतरायला लागले. तेवढ्यात एक म्हातारा पुढं आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी; तो निंगप्पा आजा होता, आमच्या आजोबांबरोबर करजगीपर्यंत चाललेला, अजून वीस-पंचवीस मेंढरं राखून असलेला हळ्ळीखेडचा शेवटचा मेंढपाळ.

"उतरायलीस कुठं?" तो म्हणाला. "आत काय हुतं ते सांग की."

"आजा, तेवढंच लिवलंय."

"मग माणसं एवढ्या लांबनं आल्यात ती काय झाकण बघायला?"

सगळे हसले. पण हसून कुणी निघालं नाही. मी पुन्हा नीट उभी राहिले. मला आठवतंय, भीती होती आणि तिच्या खाली एक वेगळीच गोष्ट होती, जी मला तोवर माहीत नव्हती: ही सगळी माणसं आता माझ्या पुढच्या वाक्यासाठी थांबली आहेत, आणि ते वाक्य माझ्याकडं आहे.

मी सांगितलं. चौथ्या दिवशी गोळ्याला चीर पडली आणि आतून उजेडाची मेंढरं बाहेर आली, काचेसारखी, ज्यांच्या पोटातलं ऊन आरपार दिसतं. ती गवत खात नाहीत, ऊन चरतात. त्यांच्या मागून त्यांचा धनगर आला. त्याच्या आज्ज्यानं दुसऱ्या एका सूर्याखालून कळप हाकला होता, कारण तिथलं ऊन संपत आलं होतं. बाप वाटेतच जन्मला आणि वाटेतच गेला. हा एकटा पोचला. तो शेताच्या मालकापुढं हात जोडून म्हणाला, चार दिवस इथं चरू द्याल का? मी हे सांगताना अण्णांकडं बघितलं नाही.

"थांब," निंगप्पा आजा म्हणाला. "हे न्हाई पटत."

"काय न्हाई पटत, आजा?"

"उनाचं पटलं. आभाळाचं बी पटलं. पर एवढ्या लांबनं धनगर एकटा कळप घेऊन आला म्हनतीस. कुत्रं कुठं हाय त्येचं?"

पुढं माझ्या पुस्तकांवर पुण्यामुंबईत चर्चासत्रं झाली. मोठमोठ्या लोकांनी त्यातल्या विज्ञानावर, रूपकांवर, भाषेवर बोट ठेवलं. इतका अचूक प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही. मी गाडीवर उभी राहून विचार करत होते. आणि मग मला कळलं की गोळा तीन दिवस का उघडला नव्हता. लिहिताना मलाच ते माहीत नव्हतं.

"कुत्रं मागं राहिलं, आजा," मी म्हणाले. "वाटेत कळप मोजताना एक कोकरू कमी भरलं. ते हुडकायला त्येनं कुत्र्याला मागं धाडलं. म्हणून तर तो तीन दिवस दार लावून बसला. कुत्रं आल्याबिगर त्येला कळप सोडायचा न्हवता."

आजानं मान हलवली. "हां. आता धनगर हाय."

"मग चौथ्या दिवशी कामून सोडला?" मायनं विचारलं. ती कोपीच्या तोंडाशी आंबिलीचं मडकं घेऊन उभी होती.

"मेंढरं उपाशी मरायली म्हणून, माय. दार उघडलं, कळप सोडला, पर तो स्वतः काय कळपाकडं बघंना. चार दिवस वर आभाळाकडं बघत बसला. गावातली माणसं बी त्याच्यासंगं बसली. अन् त्यातल्या शेवटल्या दिवशी, दुपार कलताना, लांब तिकडं, चिंचेच्या शेंड्याच्या वर, एक बारका तांबडा ठिपका दिसला."

मी हात वर केला आणि सगळी गर्दी वर बघायला लागली. पोलीससुद्धा. निरभ्र आभाळ होतं, एक घार होती. मी तिथंच थांबले, कारण त्याच्या पुढं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग माय म्हणाली, "बसा ओ समदे. आंबील घ्या." आणि अण्णांनी, ज्यांचा निम्मा हरभरा तुडवून मातीला मिळाला होता, पत्रावळ्या मांडायला सुरुवात केली. भज्जी पुरेना तेव्हा शेजारच्या शेतांतून आली. पोलीस दोन उंडे आणि वाटीभर खीर खाऊन गेला. जाताना मला कन्नडमध्ये एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी वर 'गोष्ट' असं मोठ्या अक्षरात लिहीत जा.

गर्दी पांगली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी अण्णांजवळ गेले. ते हरभऱ्यात उकिडवे बसून एकेक झाड उभं करून बघत होते. काही उभी राहत, काही मोडलेली. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "गोष्ट बरी हुती, सुमे." एक झाड सोडून दुसरं धरलं. "हरभरा बी बरा हुता."

त्यानंतर ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. अप्पांनीही रागावणं टाळलं, पण दर रविवारी मला हळ्ळीखेडच्या बसमध्ये बसवायला सुरुवात केली. उरलेलं हरभऱ्याचं पीक काढून होईपर्यंत मी शेतात राबले. हरभऱ्याच्या पाल्यावर एक आंब असते, ती हाताच्या बारीक चिरांत गेली की आग होते. सोमवारी कॉलेजात पेन धरताना बोटं चुरचुरायची. साप्ताहिकाला मी खुलाशाचं पत्र लिहिलं. त्यांनी दिलगिरी छापली आणि पुढचा भाग मागितला. कुत्र्यासकट तो छापून आला, वर मोठ्या अक्षरात 'विज्ञानकथा' आणि खाली माझं नाव, जाहिरातीला पुरेशी जागा सोडून. मी तो अंक अप्पांना दिला. त्यांनी तो दुकानात खिळ्याला अडकवला आणि त्याचं एकही पान तारा गुंडाळायला वापरलं नाही.

पुढं मी पुण्याला गेले, एका कारखान्यात यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत लिहिण्याची नोकरी धरली, पहाटे उठून स्वतःचं लिहिलं, पुस्तकं आली, बरी चालली. एका परीक्षणात लिहून आलं होतं की यांच्या परग्रहावरच्या माणसांना मेंढरांचा वास येतो. लिहिणाऱ्यानं तो दोष म्हणून सांगितला होता. मी ते कात्रण जपून ठेवलं आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्याच्या आधी दुसरी येळवस आली. मी जावं की न जावं या विचारात होते. मायनं माझा विचार न विचारता डबे भरले. आम्ही शेतावर पोचलो तेव्हा अण्णा कोप बांधत होते. हरभरा आदल्या वर्षीपेक्षा चांगला होता, गुडघ्याला लागेल एवढा. फक्त चिंचेपासून बैलगाडीच्या जागेपर्यंत एक रुंद पट्टा मोकळा होता. नांगरलेला, ढेकळं फोडून सपाट केलेला, पण काही न पेरलेला. हिरव्या रानात तो काळा पट्टा वेगळा दिसत होता.

"अण्णा, हितं कामून पेरलं न्हाई?" मी विचारलं.

त्यांनी कोपीची शेवटची पेंढी बांधली, गाठ आवळली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "माणसं कुठं बसतील मग? पुन्हा हरभऱ्यातच बसवू व्हय त्येंला?"

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मी हसायला लागले, आणि तेवढ्यात बांधाच्या वळणावर पहिली सायकल दिसली. तिच्या मागं दुसरी. निंगप्पा आजा त्या मोकळ्या पट्ट्याच्या अगदी पुढं, घोंगडं अंथरून, आधीच बसला होता.